साबळे साहेबांची सूट

साबळे साहेबांबद्दल काही चांगलं सांगायचं म्हटलं, तर मला त्यांच्या अक्षराबद्दलच सांगावं लागेल. अक्षर खरंच सुरेख होतं. शिरोरेघ पट्टीनं ओढल्यासारखी, ‘ळ’चं वळण बघत राहावं असं आणि खाडाखोड कुठंच नाही. त्यांच्या हाताखाली मी लघुलेखक म्हणून अकरा वर्षं काढली. त्या अकरा वर्षांत त्या देखण्या अक्षरात कुणाच्या भल्याचं एक वाक्य उतरलेलं मी पाहिलं नाही.

आमचं ऑफिस कारखान्यांत कामगारांचे कायदे पाळले जातात की नाही, हे बघणारं. खात्याचं नाव घेत नाही, कारण खात्यात चांगली माणसंही होती आणि त्यांना उगीच बट्टा नको. यादवराव साबळे तिथं अधिकारी होते. घर पाचोडकडचं, बागायती, मोसंबीच्या बागा असलेलं. अंगानं उंच, कपाळ भव्य, शर्टाला कडक इस्त्री. नव्यानं आलेल्या माणसाला वाटायचं, चला, आपलं काम योग्य माणसाकडं आलं. हा समज साधारण दहा मिनिटं टिकायचा.

साहेब ‘मी’ हा शब्द वापरत नसत. सरकारी कागदावर तो कुणीच वापरत नाही, पण साहेबांनी कागदाची सवय जिभेवर आणली होती. चहा आला की म्हणायचे, ठेवण्यात यावा. आजारपणाच्या रजेवरून परत आले आणि कुणी चौकशी केली, तर म्हणायचे, सुधारणा झाल्याचं दिसून येत आहे. एकदा त्यांच्या मिसेसचा फोन आला होता, भाजीसाठी. त्यांनाही उत्तर मिळालं की येताना आणण्यात येईल. आमचे शिपाई संपतराव दाराबाहेरच्या स्टुलावर बसून तोंड दाबून हसायचे. सुरुवातीला मीही हसले. पुढं ध्यानात आलं की यात हसण्यासारखं काही नाही. ज्या माणसाच्या हातून कधी काही होतच नाही, सगळं नुसतं ‘करण्यात येतं’, त्याला जाब विचारायचा तरी कशाचा?

कायदा ते खालून वाचायचे. कलम उघडलं की बोट सरळ शेवटाकडं जायचं आणि ‘परंतु’ या शब्दावर थांबायचं. नव्या कारकुनांना ते शिकवायचे की वरचा मजकूर सगळ्यांसाठी असतो आणि ‘परंतु’च्या पुढचा ज्याला गरज आहे त्याच्यासाठी. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद यायचा, जसा एखाद्याच्या चेहऱ्यावर नातवाचं कौतुक सांगताना येतो.

त्यांची खरी कर्तबगारी सूट मिळवून देण्यात होती. कारखान्यात माणसाकडून किती तास काम घ्यायचं, सुट्टी कधी द्यायची, हे कायद्यानं बांधून दिलेलं आहे. पण काही निकडीच्या प्रसंगी सरकार नुसता एक आदेश काढून एखाद्या कारखान्याला त्यातून मोकळं करू शकतं. सभागृहात चर्चा नाही, कामगाराला विचारणं तर नाहीच. आदेश मुंबईहून निघायचा आणि त्याची शिफारस आमच्याकडून जायची. निकड नसली तर ती कागदावर निर्माण करावी लागायची, आणि त्यात साबळे साहेबांचा हात धरणारं विभागात कुणी नव्हतं.

एका उन्हाळ्यात शेंद्र्याकडची वीस-पंचवीस माणसं निवेदन घेऊन आली. औद्योगिक वसाहतीत ज्यांची रानं गेली त्या गावांतली. पुढं पांढऱ्या कपड्यातला एक पुढारी आणि मागं ज्यांचं खरंच काही अडलं होतं असे लोक. त्यातला एक बिरू वाघमोडे. पस्तिशीचा, काटक, मेंढरं राखणाऱ्या घरातला. चरायच्या रानात कंपन्यांच्या भिंती उभ्या राहिल्यावर घरच्यांनी मेंढरं विकली आणि बिरू तिथल्याच एका कारखान्यात कंत्राटावर लागला. मोटारींच्या दारांचे पत्रे दाबायची मोठी प्रेस मशीन तो चालवायचा, दुपारी तीन ते रात्री अकराच्या पाळीत. निवेदनात एकच मागणी होती. बाहेरच्या राज्यांतली माणसं भराभरा भरली जातायत, ती भरती थांबवा आणि गावातल्या हातांना काम द्या.

साहेब त्या दिवशी फारच रंगात आले. उठून उभे राहिले, सगळ्यांना पाणी द्यायला लावलं आणि अर्धा तास बोलले. ह्या लोकांनी आपल्या माणसांच्या तोंडचा घास पळवला, शहराची कळा घालवली, आपण गप्प बसतो हीच आपली चूक, असं बरंच काही. माणसं भारावून गेली. पुढाऱ्यानं मोबाइलवर फोटो काढून घेतला. बिरू जाताना मला म्हणाला, ताई, पहिल्यांदा कुणी साहेब आमच्यासारखं बोलला.

त्याच दुपारी त्या कारखान्याचे मॅनेजर आले. त्यांना परदेशातली मोठी ऑर्डर मिळाली होती आणि माल लवकर काढायचा होता. साहेबांनी त्यांना मार्ग सांगितला. आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजी बारा तासांच्या दोन करा, कायद्यातून सूट मिळावी म्हणून अर्ज द्या, बाकी बघण्यात येईल. मॅनेजर म्हणाले, गावातली माणसं बारा तास उभी राहणार नाहीत. साहेब म्हणाले, मग ज्यांना विचारायला कुणी येणार नाही अशांना उभं करा. इथल्या माणसाला चक्कर आली तर सरपंच येतो. त्या लोकांचं इथं आहे कोण?

मी समोर वही घेऊन बसले होते. पाणी प्यायलेले पेले अजून टेबलावर होते. सकाळचं निवेदन पेपरवेटखाली होतं, त्यावर अंगठे आणि सह्या होत्या. त्या निवेदनाशेजारी हात ठेवून साहेबांनी मला शिफारस सांगितली, ‘परिसरात स्थानिक कामगार उपलब्ध होत नसल्याचे निदर्शनास आले आहे.’ मी ते लिहून घेतलं आणि टाइप केलं. एकही चूक झाली नाही.

तीन महिन्यांची सूट मंजूर झाली. तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, दुपारची पाळी बंद पडली आणि त्या पाळीतली गावातली माणसं घरी बसली. आता ती घरी बसली ती एका कागदामुळं. पण कागद कुणी पाहिला नव्हता. दिसत होते ते ओडिशा-बिहारकडचे कामगार, सकाळी सातला आत जाताना आणि संध्याकाळी सातला बाहेर येताना. त्या आठवड्यात त्यांच्या भाड्याच्या खोल्यांवर दगडफेक झाली. एका खोलीचे पत्रे फुटले, एकाचं डोकं फुटलं. पेपरातली बातमी साहेबांनी मोठ्यानं वाचून दाखवली आणि म्हणाले, जनभावना तीव्र आहे. आवाजात समाधान होतं.

मधेच त्यांच्या घरचा एक प्रसंग सांगते. ते रजेवर होते आणि एका कागदावर तातडीनं सही हवी होती म्हणून मी बीड बायपासकडच्या त्यांच्या नव्या बंगल्यावर गेले. हॉलच्या छतावर नक्षीचं काम चाललेलं. परांचीवर एक कारागीर उभा होता, बरेलीकडचा, वाळूजला बारा-तेरा वर्षं राहिलेला. साहेब सोफ्यावर बसून मला त्याच्या देखत सांगत होते की हे लोक आल्यापासून शहर राहण्याजोगं उरलं नाही. वरचा माणूस छतावरून हात फिरवत राहिला. थोड्या वेळानं त्यानं खाली वाकून विचारलं, ‘साहेब, फुलाच्या पाकळ्या मोठ्या ठेवू का बारीक?’ चांगली स्वच्छ मराठी. साहेब त्याला हिंदीत म्हणाले, ‘छोटा रखो.’ तो पुन्हा मराठीत काहीतरी बोलला, साहेबांनी पुन्हा हिंदीतच उत्तर दिलं. त्याची मराठी ऐकायला त्यांचे कान तयारच नव्हते. छत मात्र अप्रतिम झालं होतं, आणि ते पुढं आल्यागेल्याला दाखवताना साहेब म्हणायचे, करून घेण्यात आलं.

पावसाळ्याच्या शेवटी एका सकाळी बिरू वाघमोडे पुन्हा ऑफिसात आला. बरोबर एक बारीकसा माणूस होता, पंचविशी-तिशीचा, उजव्या हाताला मनगटापर्यंत बँडेज. नाव सुदाम. आमच्याकडचंच वाटावं असं, पण माणूस ओडिशाचा. पाळी संपायला अर्धा तास असताना, संध्याकाळी साडेसहाला, त्याचा हात प्रेसखाली गेला होता. तीन बोटं गेली. कंपनीनं दवाखान्यात नेलं, टाके घातल्यावर खोलीवर सोडलं आणि गेटवर त्याचा पास बंद केला. ती खोली बिरूच्या चुलत्याच्या चाळीत होती. सुदामला जेवता येत नव्हतं, शर्टाची गुंडी लावता येत नव्हती. बिरूच्या बायकोनं दोन दिवस त्याला भाकरी कालवून दिली आणि तिसऱ्या दिवशी नवऱ्याला विचारलं की आता पुढं काय. म्हणून तो त्याला घेऊन आला होता.

बिरू साहेबांपुढं उभा राहिला आणि शांतपणे बोलला.

‘साहेब, ही मशीन माझी. दुपारी तीनला ती माझ्या हातात यायची. पाळ्या व्हत्या तशा ऱ्हायल्या असत्या, तर साडेसहाला हा रूमवर झोपलेला असता. बारा तास त्या मशीनम्होरं कुणाचंच ध्यान ऱ्हात नाय. मी चालवलीय, मला ठावं हाये.’

साहेबांनी त्याच्याकडं पाहिलंच नाही. त्यांनी सुदामला विचारलं, इथं तुला कुणी आणलं? ठेकेदारानं आणलं का? सुदामनं मोडक्या हिंदीत सांगितलं की नाही, गावचा एक भाऊ इथं होता, त्याच्याबरोबर आपण होऊन आलो. साहेबांनी तेच पुन्हा विचारून घेतलं. मग त्यांचा चेहरा उजळला. अकरा वर्षांच्या अनुभवानं मला कळलं की बोट ‘परंतु’वर पोचलं. परराज्यातल्या मजुरांसाठीचा कायदा ठेकेदारानं आणलेल्यांनाच लागू होतो. मला वही उघडायला सांगून त्यांनी मजकूर सांगितला. सदर इसम स्वेच्छेने आलेला असल्याने कायद्यातील व्याख्येनुसार तो स्थलांतरित कामगार ठरत नाही, सबब त्याअन्वये मिळणाऱ्या संरक्षणास तो पात्र नाही.

बिरूनं ते ऐकलं. कागदी मराठी त्याला कळत होती.

‘म्हंजी हा भायरचा नाय?’

‘कायद्याच्या दृष्टीनं नाही,’ साहेब म्हणाले.

बिरूनं एकदा सुदामकडं पाहिलं. मग म्हणाला, ‘मग आमी दगडं कुणाला मारली, साहेब?’

मी वहीतून वर पाहिलं. सुदामला बोलणं कळलं होतं की नाही कोण जाणे, तो बँडेजकडं बघत होता. साहेबांनी घंटी वाजवली आणि संपतरावांना पुढच्या माणसाला आत पाठवायला सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात बिरू मला म्हणाला की दगडफेकीत तोही होता. फुटलेल्या पत्र्यांची खोली सुदामचीच. हे सुदामला माहीत होतं, त्यावरून दोघांत काही बोलणं झालेलं नव्हतं. त्यानं मला एवढंच विचारलं की ज्या कागदानं पाळ्या बदलल्या तो बघायला मिळेल का. मी त्याला माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा करायचा ते सांगितलं, शब्द लिहून दिले. एवढं मी केलं. त्याआधी काय काय केलं होतं ते वर सांगितलंच आहे.

अर्ज आल्यावर फाइल काढावी लागली आणि तेव्हा दिसलं की सूट दिल्याच्या आदेशाची मुदत अपघाताच्या नऊ दिवस आधीच संपली होती. मुदतवाढीचा प्रस्ताव गेलाच नव्हता. कारखाना नुसता साहेबांच्या तोंडी भरवशावर बारा तासांच्या पाळ्या चालवत होता. म्हणजे ज्या संध्याकाळी सुदामचा हात गेला, त्या संध्याकाळी सरकारनंसुद्धा तो कायदा बाजूला सारलेला नव्हता.

त्या दुपारी साबळे साहेब माझ्या टेबलाशी आले. ते कुणाच्या टेबलाशी जात नसत. हातात त्यांच्या अक्षरातला मसुदा होता, मुदतवाढीची शिफारस, तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. म्हणाले, टंकलिखित करण्यात यावं. मी सांगितलं की जावक रजिस्टरात त्या तारखेचे नंबर भरलेले आहेत, मधे जागा नाही. ते म्हणाले, एखाद्या नंबरापुढं ‘अ’ घालता येतो. मी म्हटलं, त्या दिवशी तुम्ही पुण्याला बैठकीला होतात, हजेरीत तशी नोंद आहे. मग ते खाली वाकले. अत्तराचा वास आला.

‘मी सांगतोय, कदमबाई. टाइप करा.’

अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ‘मी’ ऐकला. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. नोकरीची सहा वर्षं राहिली होती आणि घरात एकटीचा पगार. मी म्हटलं, ‘साहेब, तसं एका ओळीत लिहून द्या. तुमच्या अक्षरात, खाली सही.’

ते सरळ झाले. मग मसुदा उचलला, चौघडी केली, शर्टाच्या खिशात घातला आणि निघून गेले. ह्यात माझा काही मोठेपणा नाही. आपल्यावर काही येऊ नये म्हणून कागद मागायचा, हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

बिरूला आदेशाची प्रत मिळाली. एका वकीलबाईंनी ती वापरून कंपनीला नोटीस दिली आणि कोर्टाच्या दोन-तीन तारखांनंतर कंपनीनं सुदामला भरपाई दिली. तो गावी गेला. स्टेशनवर बिरू आणि त्याची बायको सोडायला गेली होती, तिनं प्रवासाला धपाटे बांधून दिले. कारखान्यात पुन्हा तीन पाळ्या सुरू झाल्या, गावातल्या काहींना परत घेतलं, बिरूला घेतलं नाही. तो आता पाचोडच्या बाजारात शेळ्या-बोकडांचा व्यापार करतो आणि कधी फोन केला तर सुदामचीही खुशाली सांगतो.

साबळे साहेबांकडून खुलासा मागवण्यात आला. त्यांनी एका सुंदर अक्षरातल्या पानात कळवलं की प्रस्तावास विलंब कार्यालयीन कारणास्तव झाल्याचे दिसून येते. वरिष्ठांनाही तसंच दिसून आलं. पुढच्या वर्षी त्यांना बढती मिळाली. निवृत्तीच्या समारंभात शेंद्र्याचा तो पांढऱ्या कपड्यांचा पुढारी आणि पत्र्याच्या कारखान्याचे मॅनेजर एकाच सोफ्यावर बसले होते. दोघांनीही भाषणात साहेबांना भूमिपुत्रांचा कैवारी म्हटलं. मी मागच्या रांगेत बसून समोसा खाल्ला आणि आभार सुरू व्हायच्या आधी निघाले.

त्यानंतर ते मला एकदाच दिसले, गेल्या हिवाळ्यात, सिडकोतल्या एका बागेत. मीही आता निवृत्त. सकाळची फेरी मारून बाकावर टेकले तर शेजारच्या बाकावर साहेब. खांदे उतरलेले, दाढीचे पांढरे खुंट वाढलेले. मला ओळखलं आणि स्वतः सरकून जागा केली, तेव्हाच समजलं की काहीतरी झालंय.

त्यांचा मुलगा परदेशात नोकरीला होता. सुनेसकट सुट्टीवर आला असताना तिथल्या सरकारनं बाहेरून आलेल्या कामगारांबद्दलचे नियम एका आदेशानं बदलले आणि त्याचं परत जाणं अडकलं. तिथं घर, गाडी, नातीची शाळा, सगळं तसंच पडून होतं. साहेब बराच वेळ बोलत होते. तिथले लोक म्हणे टीव्हीवर सांगतात की ह्यांनी आमच्या नोकऱ्या घेतल्या. त्यानं कुणाचं काय घेतलं? जे काम तिथल्यांना जमत नाही ते तो करत होता. आणि संसद असताना, कोर्टं असताना, एका सहीनं कायदा गुंडाळून ठेवायचा, ही काय पद्धत झाली? असं कुठं चालतं का, बाई?

मी त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिले. मला वाटलं, आता ह्यांना स्वतःचं बोलणं ऐकू येईल. क्षणभर थांबतील, निदान नजर तरी खाली जाईल. मी वाट पाहिली. त्यांनी मला विचारलं की पासपोर्ट ऑफिसात माझ्या ओळखीचं कुणी आहे का. मी नाही म्हटलं. नातीचं मला वाईट वाटलं. त्यांच्याबद्दल काही वाटतंय का हे मी प्रामाणिकपणे तपासून पाहिलं, आणि काही सापडलं नाही.

आम्ही बरोबरच फाटकाबाहेर पडलो. फुटपाथ उकरून ठेवला होता, नवीन फरशा बसवायचं काम सुरू होतं. कामावरची माणसं आपसात कुठल्याशा लांबच्या बोलीत बोलत होती. खड्ड्यावर टाकलेल्या फळीजवळ साहेब थबकले, पाय लटपटत होता. त्यांच्यातल्या एकानं थापी खाली ठेवली, हाताचं सिमेंट पँटला पुसलं आणि हात पुढं केला. ‘आइए बाबूजी, धीरे से.’ साहेबांनी तो हात घट्ट धरला आणि एकेक पाऊल टाकत पलीकडं गेले. त्या माणसानं त्यांना पक्क्या रस्त्यावर उभं केलं, मगच हात सोडला आणि कामाला वळला.

साहेबांनी खिशातून घडीचा रुमाल काढला आणि तिथंच उभं राहून आपला तो हात नीट पुसला.